यादीतली सत्तावीस नावं

देवीनं कौल दिला आणि शिमग्याची पालखी दोन दिवस अलीकडे आली, तेव्हापासून चिमाकाकी रोज दमयंतीच्या पडवीत येऊन बसायची.

"दमयंते, माझ्या पोराला कळलं काय गो?"

पोरगा संदेश जहाजावर. बाप गेल्यापासून दारात येणाऱ्या पालखीला खांदा द्यायला घरचं माणूस नव्हतं. यंदा, २००६ साली, तो येणार होता, पण जुन्या तारखेला. आधीच्या बंदराला उतरायचं तर कंपनीला पंधरवडाभर आधी सांगायला हवं. दमयंतीनं कंपनीच्या ऑफिसात फोन केला, तर म्हणाले, नोंदवलेल्या पत्त्यावरून जहाजावर मेल करा. संदेशनं नोंदवला होता वाडीच्या मंडळाचा पत्ता. त्यावरून तीन मेल गेले. उत्तर नाही.

मंडळाचा कॉम्प्युटर आणि त्यावरचा मेल सर्व्हर दमयंतीच सांभाळी. पुस्तकं वाचून आणि नवऱ्याची बोलणी खाऊन शिकली होती. कुणाला आधी कळलं, कुणाला मागाहून, की मानकरी रुसत. म्हणून नोंद केली की तीनशे दहा जणांना आपोआप मेल जाईल अशी सोय तिनं केलेली. पालखी टेकवायची सहाण सारवली, मेल. ढोल मढवला, मेल. ढोल सैल पडला, परत मढवला, दोन मेल.

शेवटी तिनं मुंबईच्या भाच्याला, उन्मेषला, फोन लावला. मेल सर्व्हर सांभाळणं हेच त्याचं काम.

"आत्या, तुझ्या सर्व्हरची पत गेलीय. पलीकडचे सर्व्हर तुझे मेल दारातच अडवतायत."

"आम्ही काय चोऱ्या केल्या?"

"दिवसाला पाच-पाच मेल! लोक वैतागून जंकचं बटण दाबतात. मीपण दोनदा दाबलं."

"मेल्या, तूसुद्धा?"

"आणि सत्तावीस पत्ते बंद पडलेत. तिथे पाठवत राहिलीस की पलीकडे वाटतं, हा कुणी लबाड आहे. काढले का नाहीस?"

दमयंतीनं यादी उघडली. ते सत्तावीस जण आता नव्हते. गेलेल्या माणसाचं नाव वाडीच्या यादीतून खोडायला कुणाचा हात धजत नसे. त्यात एक पत्ता ह्यांचाही होता. त्यावरचा प्रत्येक मेल परत यायचा, आणि तिला वाटायचं, चला, तिकडून काहीतरी येतंय.

त्या दुपारी तिनं सत्तावीस नावं मंडळाच्या जाड वहीत सुवाच्य अक्षरात उतरवली आणि मेलच्या यादीतून काढली. ह्यांचं सगळ्यात शेवटी. आपोआप मेल जाण्याची सोयही बंद केली. गेलेली पत परत यावी म्हणून, उन्मेषनं सांगितल्याप्रमाणे, रोज फक्त उत्तर देणाऱ्या दहा-बारा जणांना लिहू लागली. बाकीच्यांचे फोन आले, "दमयंती, बरी आहेस ना? मेल नाहीत!"

आठव्या दिवशी तिनं संदेशला दोन ओळी लिहिल्या. चिमाकाकी शेजारी पदराचं टोक पिळत बसलेली.

सकाळी उत्तर होतं. दमयंतीनं मोठ्यानं वाचलं, "वहिनी, कळलं. कोचीला उतरतो, पालखीच्या आदल्या दिवशी घरी. आईला सांगा."

चिमाकाकीनं पदर सोडला. "अजून काय म्हणतो?"

"विचारतोय, ढोल मढवला का."

दोघी हसत सुटल्या. मग दमयंतीनं लिहिलं, "मढवला." आणि तेवढा मेल एकट्या संदेशला पाठवला.