दगडावर दगड

टेकडी कसली, ढेकूळ ते! वणीचा गड चढलेल्या वसुधाला ही जर्मन टेकडी म्हणजे जेवणानंतरची शतपावली वाटली. वाट रुंद, सावली दाट, चिटपाखरू नाही. नवरा, सुधीर, मात्र मोहिमेवर निघाल्यासारखा काठी घेऊन पुढे, आणि तोंडाने सारखं नव्या घराचं पुराण. उद्या नोटरीसमोर सह्या झाल्या की वाल्डॉर्फमधलं ते घर त्यांचं होणार होतं.

"दोन वर्षांत परत जाऊ," म्हणाला होता हाच बाबा! आता आठ होत आली. नाशिकचा फ्लॅट कुलपात, दारातल्या तुळशीला शेजारच्या अरुंधतीकाकू पाणी घालतात. घराला वसुधाने अजून होकार दिला नव्हता. नाही म्हणायला आजचाच दिवस उरला होता, आणि वर पोचल्यावर ते म्हणायचंच, असं ठरवून, आणि सुधीरला 'वर गेल्यावर बोलायचंय' एवढंच सांगून ती आली होती.

वळणावर ती थबकली. वाटेच्या कडेला कुणीतरी दगडावर दगड रचून ठेवले होते. बरेच होते तसे.

"अगबाई! सुधीर, आपली माणसं येऊन गेलीत इथे. घर मागितलंय बघ देवीकडे."

"वेडाबाई, इथले लोक फिरायला आले की रचतात उगाच. वर देवीबिवी नाही, एक बाक आहे नुसता." हसत हसत तो पुढे निघून गेला.

लग्नानंतर वणीच्या वाटेवर दोघांनी मिळून असेच दगड रचले होते, आणि वर्षाच्या आत नाशिकचं घर झालं होतं. वसुधाने बूट काढले. देवी काय, इथलंही ऐकेल. आई, आम्हाला घरी ने गं, असं मनात म्हणत ती एकेक दगड चढवू लागली.

इथेच जन्मलेली तिची लेक ऊर्जा मागून येऊन शेजारी उकिडवी बसली आणि हे काय चाललंय, म्हणून जर्मनमध्ये विचारू लागली.

"घर मागायचं असतं. मनापासून मागितलं की देवी देते."

पोरीने लगेच डोळे घट्ट मिटले, हात जोडले आणि शेवटचा दगड वर ठेवूनही टाकला.

"काय मागितलंस गं?"

"उन्झर हाउस!" आपलं घर. वाल्डॉर्फचंच, दुसरं तिला ठाऊक कुठे होतं! मग आईचा चेहरा बघून ती मोडक्या मराठीत म्हणाली, "आणि तुला तुळस. मोठी. बागेत."

लेकीने मागून ठेवल्यावर आईने कुठल्या तोंडाने उलटं मागायचं? नाशिक एकदम फार लांब गेलं. डोळ्यांना धार लागली, ती तिने पुसलीसुद्धा नाही.

वर बाकावर सुधीर वाट बघत होता. "काहीतरी बोलायचं होतं ना तुला?"

वसुधा त्याच्या शेजारी टेकली. खाली लाल कौलं दिसत होती.

"उद्या सह्या झाल्यावर नारळ लागेल," ती म्हणाली. "शेंडीचा मिळतो का कुठे, ते बघ."