दोन बेलांचं घर

सुयोग तावडेला घरं मोजायची इतकी सवय झाली होती, की कुणाच्या लग्नाला गेला तरी तो मनातल्या मनात हॉलचे फूट काढायचा. वॉर्ड ऑफिसच्या मालमत्ता कर खात्यात त्याला अठरा वर्षं झाली होती. कुणी गॅलरी खोलीत घेतलीय, कुणी पोटमाळ्यावर संसार थाटलाय, हे त्याला दारातूनच कळायचं. मुलुंडच्या स्वतःच्या घराला मात्र त्यानं कधी टेप लावला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

त्या घराला दोन दारं होती, दोन बेल आणि दोन पाट्या. शेजारचा फ्लॅट धाकट्या भावाचा, निहारचा. तो बदलापूरला गेला तेव्हा सुयोगनं तो बायकोच्या, श्वेताच्या, नावावर घेतला आणि मधली भिंत पाडली. कागदावर भिंत उभीच राहिली. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला कर माफ, त्यामुळे चारशे ऐंशीचे हे दोन तुकडे बिनबोभाट सुटत होते. निहारची पाटी काढलीच नव्हती, आणि दसऱ्याला श्वेता दोन्ही दारांना न चुकता तोरण बांधायची. दुसऱ्या दाराला आतून कपाट लावलेलं होतं.

यंदा पालिकेच्या तिजोरीत खडखडाट होता. "ठेवी मोडून खर्च भागवतोय आपण. दडलेले फूट शोधा," साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, आणि सगळ्यात आधी मान डोलावली ती आमच्या या सुयोगनं!

दुसऱ्या दिवशी तो कांजूरमार्गला संघमित्रा गायकवाडांच्या दारात उभा होता. बाई एकट्याच राहायच्या. लेझर मीटर बिघडलेला, नव्याला पैसे नाहीत, म्हणून हातात जुना टेप.

"मावशी, हे टोक जरा धरता?"

मावशींनी टोक भिंतीला असं दाबून धरलं की टेप सुताएवढा हलला नाही. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, आतली खोली झाली. बेरीज आली चारशे चौऱ्याण्णव. सुयोगनं टेप गुंडाळला.

"सुटलात मावशी. कर माफ."

"गॅलरी राहिली की. ती खोलीत घेतलीय मी. तिकडे देव्हा—" म्हणता म्हणता त्या स्वतःशीच हसल्या. "शेजारीण तसंच म्हणते, मलाही सवय लागली. तिकडे बुद्धाची मूर्ती आहे बघा, तिच्या मागची सगळी जागा."

सुयोगनं ती गॅलरी दारातूनच पाहिली होती. बाई एकटी, पेन्शनवर. सोडून देऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं, आणि त्या उदारपणाचं त्याला जरा कौतुकही वाटलं होतं.

"राहू दे ना. मी काही बघितलं नाही."

"पण मी बघितलंय ना," मावशी म्हणाल्या. "बसा जरा. मी पालिकेच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर होते. शेवटची दोन वर्षं माझं काम एकच. चिठ्ठी घ्यायची आणि सांगायचं, औषध नाही, बाहेरून आणा. का, तर बजेट नाही. एक म्हातारा रोज यायचा, बीपीच्या गोळ्यांसाठी. रोज मी नाही म्हणायचे आणि तो मलाच थँक्यू म्हणून जायचा. लाज वाटायची हो मला. माझी काही चूक नव्हती, तरी वाटायची. मोजा ती गॅलरी."

गॅलरी नऊ बाय चारची निघाली. पाचशे तीस. मावशींनी चष्मा लावून आकडा तपासला आणि सही केली.

"तुमचं घर केवढं, साहेब?"

"चारशे ऐंशी," सुयोग म्हणाला. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"मग तुम्हाला माफच. बरं झालं, नोकरदार माणसाला तेवढाच हातभार." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान त्याला चिडता तरी आलं असतं.

घरी आल्यावर त्यानं टेप काढला. "श्वेता, टोक धर."

"कशाला?" तिला लगेच कळलं आणि तिनं टोक सोडून दिलं. टेप सर्रकन त्याच्या बोटांवर येऊन आदळला. "वेड लागलंय का तुला? माझा पगार अर्धा झालाय. मागच्या सगळ्या वर्षांचा कर लावतील, वर दंड. नोकरीची वाट लागेल ती वेगळीच. झाकली मूठ आहे, तशीच राहू दे."

"मी त्या बाईंना चारशे ऐंशी सांगितलं गं."

"मग? कागदावर तेच आहे ना?"

ती आत गेली. सुयोगनं टेपच्या टोकावर वरवंटा ठेवला आणि एकट्यानं घर मोजलं. जिथे भिंत होती तिथून टेप सरळ पुढे गेला. नऊशे एकाहत्तर.

सकाळी ऑफिसात त्यानं दोन कागद रेवतीच्या टेबलावर ठेवले. नोंदी तीच करायची. वरचा मावशींचा, खालचा त्याचा. खालचा वाचून तिनं वर पाहिलं. सुयोगची कानशिलं तापली होती.

"हा तू आहेस?"

"मीच."

रेवतीनं आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "परत घे. तुझं निघालं तर उद्या सगळ्या स्टाफची घरं मोजतील. माझ्याकडेपण दोन बेल आहेत रे."

सुयोग उभा राहिला. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलंही. पण त्याच्या हातानं कागद उचलला, त्याची चौपदरी घडी केली आणि खिशात घातली. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची जी लाज वाटली ती आदल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त होती.

"आणि हा?" रेवतीनं दुसरा कागद उचलला. "पाचशे तीस. हा घेऊ ना?"

"हो," तो म्हणाला. "त्यांनी स्वतः मोजून घेतलंय."

रेवतीनं मावशींच्या कागदावर शिक्का मारला.