अख्खी सुपारी

अणशीचा घाट चढून बाबुराव वर आला तेव्हा ऊन कललं होतं आणि त्याच्या उजव्या पायाचा भोपळा झाला होता. खाली कद्र्यापाशी टाचेत काटा मोडला, तो निघाला नाही, आणि तीन दिवस तोच काटा घेऊन हा गृहस्थ चालत होता. अंगात कणकण होती. पण पायाची त्याला तेवढी काळजी नव्हती. पुढं परतीच्या वाटेवर म्हादूचं घर होतं, आणि ते चुकवून जायला दुसरी वाट नव्हती.

बाबुराव नंदगडचा. बायको प्लेगात गेली, मूलबाळ नाही. दुकान धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि बावन्नाव्या वर्षी याच्या मनानं घेतलं, की काळी नदी समुद्राला मिळते तिथवर चालत जाऊन बघायचं. नवस नाही, देव नाही, धंदा नाही. नुसतं बघायचं. आता तुम्हीच सांगा, असल्या माणसाला कोण दारात उभं करील?

पहिल्या चार गावांत त्यानं खरं सांगून पाहिलं. कुठं निघालासा? समुद्र बघायला. कुणाकडं? कुणाकडं न्हाई. एवढं ऐकलं की माणसं तोंडाला कुलूप घालत. हा जंगल खात्याचा असणार, झाडं मोजायला आलेला, नाहीतर कुठंतरी कुणाला मारून पळालेला. मग देवळाच्या पायरीवर उपाशी झोपायचं. रोज तेच प्रश्न, रोज तीच पायरी. जीव विटला त्याचा. सुप्याच्या अलीकडं एका म्हातारीला तो सहज बोलून गेला, "पुतण्यासाठी पोरगी बघत निघालोय." काय सांगावं, म्हातारीनं लगेच पाट मांडला. त्या दिवसापासून बाबुरावला पुतण्या झाला. यशवंत नाव ठेवलं. पहिल्या गावात तो शेती करायचा, दुसऱ्यात गूळ विकायचा, आणि म्हादूच्या घरी पोचेस्तवर तो पोष्टात लागला होता.

म्हादू कुणबी, डोंगरातला भात पिकवणारा सरळ माणूस. माघात त्यानं बाबुरावला दोन दिवस ठेवून घेतलं. त्याची पोरगी फुला पाणी घेऊन आली, बाबुरावनं नाव विचारलं, बरी आहे म्हणून मान डोलावली. निघताना पिशवीतली एक अख्खी सुपारी काढून म्हादूच्या बायकोच्या, केशरच्या, हातावर ठेवली. नंदगडकडं पाहुणा निघताना अशी पान-सुपारी देतो, त्यात विशेष काही नाही. केशरनं मात्र ती पदरात बांधून वर घट्ट गाठ मारली. होळीपर्यंत निरोप देतो म्हणाला आणि गडी घाट उतरला. निरोप कसला द्यायचा होता डोंबलाचा.

समुद्र बघून झाला, काठच्या गावांत पुतण्याच्याच नावावर दिवस गेले, आणि आता वैशाख निम्मा सरला होता.

मान खाली घालून पुढं सटकावं असा त्याचा बेत होता. पण केशर अंगणात आठळ्या वाळत घालत होती, तिनं त्याला लांबूनच ओळखलं. "पावणं आलं," ती आत बघून म्हणाली. तिच्या तोंडावर जो उजेड पडला, तो बघून बाबुराव निमूट अंगणात शिरला.

ऊन पाणी आलं. म्हादूनं त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, सुईनं काटा काढला, वर हळद भरली. पेज आली, लोणचं आलं. कुणी काही विचारलं नाही, पाहुण्याचं पोट भरेस्तवर विचारायचं नाही अशी तिथली रीत. पेज पोटात जात होती आणि बाबुरावला वाटत होतं, इथंच पडावं, काहीबाही थाप मारावी आणि चार दिवस नुसतं झोपावं. खरंच थकला होता तो.

"उशीर केलासा," म्हादू म्हणाला. "होळी गेली, पाडवा गेला. कुळगीचं लोक फुलासाठी दोनदा येऊन गेलं. पोरगा चांगला हाय. पर मी सांगितलं, घरात सुपारी हाय, पोर दिलेली हाय. परवा त्ये शेवटचं इचारायला येनार. बरं झालं तुमी आलासा. आता दिवस सांगा."

त्यानं देवाच्या कोनाड्याकडं बोट केलं. दिव्यापाशी ती सुपारी होती, कुंकू लावलेली.

"आमच्यात आईच्या हातात अख्खी सुपारी दिली की शबूद दिला," केशर म्हणाली. "लग्नातच फोडायची ती. तुमच्यात बी तसंच न्हवं?"

बाबुरावनं रिकामी वाटी खाली ठेवली. "आनि ती परत घ्यायची झाली तर?"

म्हादूचं तोंड उतरलं. "ज्यानं दिली त्यानंच घ्यायची. पाच मानसांम्होरं, कारन सांगून."

कारणांना काय तोटा. तीन महिने बाबुरावनं दुसरं केलं काय होतं? पुतण्या गेला म्हणावं, तर फुला पांढऱ्या पायाची ठरणार. पुतण्यानं दुसरी केली म्हणावं, तर लोक म्हणणार, हिच्यात काहीतरी बघितलं असंल. थाप कुठूनही फिरवली तरी ती त्या पोरीच्याच डोक्यावर पडत होती. खरं सांगितलं तरच ती सुटणार होती. आणि खरं सांगितलं, की इथून नंदगडपर्यंतच्या वाटेवर त्याला कुणी उभं करणार नव्हतं, कारण त्या रानात माणसापेक्षा बातमीचे पाय धड असतात. त्याला स्वतःची कीव आली आणि त्या किवेची लाजही वाटली.

"म्हादूअण्णा," तो म्हणाला, "पाच मानसं बोलवा."

अंगणातल्या फणसाखाली पाच जण जमले. गावचा मानकरी नागू बुधवंत मधे बसला. बाबुरावला बसा म्हणाले, तो बसला नाही.

"मला पुतण्या न्हाई," तो म्हणाला. "भावाला चार पोरीच हायती. वाटेत भाकरी मिळावी, निजायला जागा मिळावी म्हनून मी खोटं बोलत आलो. या पोरीत काय खोट न्हाई, हिच्या आईबापात न्हाई. खोटा मी हाय."

"मग आलतास कशाला?" नागूनं विचारलं. मघाचा ‘बसा’चा मान गेला होता.

"समुद्र बघायला."

कुणी हसलंसुद्धा नाही. नागू बाजूला थुंकला. "सुपारी उचल," म्हणाला.

केशरनं कोनाड्यातली सुपारी आणून हातावर धरली, बाबुरावनं ती उचलली. म्हादूनं शिवी दिली नाही. त्यानं फक्त बाबुरावचं गाठोडं आणि काठी अंगणाच्या कडेला नेऊन ठेवली. "कुळगीच्या लोकास्नी मी सांगतो काय ते," तो म्हणाला. "तू नीघ."

गावाबाहेरच्या झऱ्यापर्यंत जाईस्तवर त्याचा पाय पुन्हा ठणकायला लागला. तो दगडावर बसला. थोड्या वेळानं फुला कळशी घेऊन आली. या सगळ्यात तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता. तिनं कळशी भरली, उचलली नाही, आणि त्याच्याकडं बघत उभी राहिली.

"समुद्र बघितलासा म्हनं," ती म्हणाली. "त्ये तरी खरं का?"

"त्ये खरं."

ती आणखी ऐकायला थांबली. तीन महिन्यांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

"पानी खारं हाय," तो म्हणाला. "आनि पल्याडचा काठ दिसत न्हाई."

फुलानं त्यावर जरा विचार केला. "कुळगीच्या अंगानं काळी नदी जाती, ती तीच न्हवं? समुद्राला जानारी?"

"तीच."

तिनं कळशी कलती करून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं, पुन्हा भरून घेतली आणि घराकडं गेली. बाबुराव पाणी प्याला, काठी धरून उठला आणि सुप्याच्या वाटेला लागला. वळणावरच्या पहिल्या घरात बाई दारात उभी होती. तिनं त्याला येताना पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.