तारेवर टाकायची गोधडी

मी विंच बोलतोय. जीपच्या पुढच्या बंपरवर बसवलेलं, तारेची गुंडाळी पोटाशी धरलेलं लोखंडी धूड. जीप चिखलात रुतली की माझा हूक समोरच्या झाडाला अडकवतात, बटण दाबतात आणि मी तार गुंडाळत गाडीला बाहेर ओढतो. पूर्वी या कामाची मला मजा वाटायची. आता काही वाटत नाही.

माझे पहिले मालक निरंजन, राहायला रहाटणीला. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि रविवारी मुद्दाम चिखल शोधत जायचे. चांगला डांबरी रस्ता सोडून माणसं हौसेने रुततात, याचं मला आधी नवल वाटे. मग सवय झाली. माझी ताकद त्यांना पुरेना, म्हणून त्यांनी मला भोसरीला ज्योतीरामच्या वर्कशॉपमध्ये आणलं.

ज्योतीराम मूळचा लातूरकडचा. पुढे शेड, मागे राहायची खोली. त्याने माझी मोटर काढून मोठी बसवली, जाड केबल टाकल्या, गिअरमधलं जुनं ग्रीस खरवडून नवं भरलं.

"मोटर मोठी झाली साहेब, आता तारही बदला," तो म्हणाला.

"तार चांगली आहे की अजून. पुढच्या महिन्यात बघू."

ज्योतीरामने मान हलवली. गिऱ्हाइकापुढे माणसं लवकर मान हलवतात.

ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी उलटी येते. म्हणून ओढण्याआधी तिच्यावर मधोमध काहीतरी जड टाकतात, म्हणजे ती तुटली तरी खाली पडते. त्यासाठी ज्योतीरामच्या बायकोने, इंदुताईंनी, कंपनीच्या जुन्या निळ्या युनिफॉर्मची गोधडी शिवली होती. शर्टांचे खिसेही तिच्यात तसेच होते.

नवरात्र दोन दिवसांवर आलं होतं. इंदुताईंनी दसरा काढला होता. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन पत्र्यावर वाळत घातलं होतं, त्यात ही गोधडीही. नेमका त्याच दिवशी मागच्या मोकळ्या प्लॉटवर मालाने भरलेला टेम्पो रुतला. निरंजन जीप घ्यायला आलेच होते. नवी मोटर त्याच्यावरच बघू, असं ठरलं.

हूक लावून झाला तेव्हा इंदुताई गोधडी घेऊन आल्या. पाणी निथळत होतं.

"अहो, अजून ओली हाय. तशीच टाकता का?"

"ओली कशाला आणलीस? परत चिखलात घाण होईल. दोन मिनिटांचं काम हाय."

त्या गोधडी परत घेऊन गेल्या.

बटण दाबलं. पूर्वी ओढ फार झाली की माझी मोटर दमून थांबायची. ही थांबली नाही. तार तुटली आणि बाजूला उभ्या असलेल्या ज्योतीरामच्या उजव्या हातावर बसली.

हात राहिला, पण तीन बोटं बधिर झाली. चहाचा गरम ग्लास धरला तरी त्याला कळत नाही. निरंजन दवाखान्यात दोनदा येऊन गेले. मग जीप घेऊन गेले आणि मला इथेच सोडलं. मी मांडणीवर धूळ खात पडलो.

शेजारच्या यशोदाबाई आल्या की इंदुताई तेच सांगायच्या, "मीच धुतली ना गोधडी. कोरडी असती तर टाकली असती ह्यांनी." ज्योतीराम तिथेच डाव्या हाताने नट आवळत असायचा. खरं काय ते त्याला माहीत होतं. मलाही होतं. तो बोलला नाही. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. वर्षभर मला कशाचंच काही वाटलं नाही.

यंदा इंदुताईंनी पुन्हा दसरा काढला. सगळं धुतलं, गोधडी सोडून. ती खिळ्यावर तशीच लटकत राहिली, ग्रीसने काळी झालेली.

त्याच आठवड्यात ज्योतीरामने मला खाली काढलं. तारेने माझ्या गुंडाळीच्या ड्रमवर पाडलेले ओरखडे पॉलिश पेपरने घासले. तुटल्यावर तारेइतका उसळत नाही असा नवा मऊ दोर गुंडाळला. स्वतःच्या जुन्या जीपवर मला बसवलं आणि ओढून बघायला हूक समोरच्या कडुनिंबाला लावला. इंदुताई खिळ्यावरची गोधडी घेऊन आल्या आणि लांबूनच पुढे धरली.

"ओली करून आण," ज्योतीराम म्हणाला.

"ओली?"

"ओली जड असती. तवा तू आणलीस तीच टाकायची होती. मी नको म्हणलो. तुझं काय चुकलं न्हाई."

इंदुताई नळावर गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. परत आल्या तेव्हा पदर भिजला होता.

"एवढं सांगायला वर्ष लागलं व्हय?"

ज्योतीरामने गोधडी घ्यायला डावा हात पुढे केला. इंदुताईंनी गोधडी स्वतःच दोरावर टाकली. तिचं पाणी दोरावरून ओघळत माझ्या ड्रमपर्यंत आलं. गार होतं. तेवढं मला कळलं.

तुम्हीही कधी माझ्यासारख्याला कामाला लावाल. तेव्हा घाई करू नका. आधी दोरावर काहीतरी टाका. ओलं असलं तरी टाका.