खोटा कॉल

हातातला घास ताटात टाकून बंबवाले उठले. एका पायात चप्पल होती, दुसरी कुठे सरकली ते बघायला थांबलेच नाहीत. मागचं दार ढकलून थेट परसात. तिथे ठिणगी फाटकाकडे तोंड करून जिवाच्या आकांताने भुंकत होती. त्यांनी फाटकाची कडी पाहिली, भिंतीपलीकडे डोकावून पाहिलं, पाण्याचं भांडं पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. ठिणगी एव्हाना गप्प होऊन, शेपटी हलवत त्यांच्याकडे बघत होती.

"काय गं? काय झालं?"

काहीच झालं नव्हतं. त्यांनी तिच्या कानामागे खाजवलं, पुन्हा ओरडलीस तर बघ असा दम दिला आणि ताटावर येऊन बसले. घास तोंडात जातो न जातो तोच बाहेर पुन्हा सुरू.

"अहो, जेवा की आधी," बायको शिवणखोलीतून म्हणाली. "काही नसतं तिथे."

"नसतं हे गेल्यावरच कळतं," असं म्हणून ते उठलेसुद्धा.

आता या माणसाला दोष तरी काय द्यायचा? उभा जन्म अग्निशमन दलात गेला. घंटा झाली की उठायचं, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक. अर्ध्या दाढीनिशी उठले, अर्ध्या झोपेतून उठले, एकदा तर सासऱ्यांशी बोलता बोलता वाक्य मध्येच टाकून उठले. पुढे काय म्हणायचं होतं ते सासरे शेवटपर्यंत विचारत राहिले. निम्मे कॉल खोटे निघायचे. कुणाच्या घरी दूध जळलेलं असायचं, कुणी गंमत म्हणून फोन फिरवलेला असायचा. हाताखालची तरुण पोरं वैतागायची, पण हे कधी चिडले नाहीत. खोटा असला तरी कॉल घ्यायचाच, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना बंबवालेच म्हणत राहिली. घरी कुत्री आणली तिचं नाव ठिणगी ठेवलं, आणि आता विझवायला घरचीच मिळाली म्हणून आठवडाभर स्वतःच हसत होते.

ठिणगी घरातच वाढली. पण ती पांढरी शुभ्र, आणि घरच्या बाईंचं काम वकिलांचे काळे कोट शिवायचं. एक वकीलसाहेब कोट परत घेऊन आले. म्हणाले, "बाई, मी जीव तोडून बोलत होतो आणि न्यायाधीश माझ्या खांद्यावरचे केस मोजत होते." त्या दिवसापासून कामाच्या वेळात ठिणगीची रवानगी परसात झाली. त्याच आठवड्यात बंबवाल्यांनाही शिवणखोलीची दारं बंद झाली. ते मागे उभे राहून सारखं विचारायचे, "इस्त्री बंद केलीस ना?" बाई एक शिवण घालायच्या, हे पुन्हा विचारायचे. शेवटी बाईंनी हात जोडले.

"बाहेर बसा हो. पेपर वाचा. आग लागली तर मी सांगते."

तर ठिणगी परसात आणि बंबवाले ओसरीवर. ठिणगी भुंकायची, हे धावायचे. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गल्लीचे कान किटले, पण गल्ली सोशीक होती. प्रश्न होता तो शेजारच्या माडीवर नव्याने राहायला आलेल्या नर्सचा. तिला कायमची रात्रपाळी. झोपायची ती दिवसा, आणि तिची खिडकी नेमकी परसावर.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती एके दिवशी फाटकाशी येऊन उभी राहिली, डोळे सुजलेले, आवाज अगदी खाली.

"काका, रागावू नका. काल बसमध्ये डोळा लागला तो थेट डेपोत उघडला. त्याचं काही नाही. पण आज पहाटे औषधाची बाटली हातात घेऊन मी लेबल वाचत होते आणि वाचलेलं डोक्यात शिरतच नव्हतं. मला माझीच भीती वाटली."

थकलेल्या माणसाच्या हातून काय होतं ते बंबवाल्यांनी कामावर पाहिलं होतं.

"या महिन्याची मुदत द्या सिस्टर," ते म्हणाले. "नाही जमलं तर तिला मेव्हण्याकडे पाठवतो. गावाबाहेर मोठं आवार आहे त्याचं."

बोलून तर गेले, पण त्या रात्री ताट सरकवून ठिणगीजवळ जाऊन बसले. मेव्हणा माणूस वाईट नव्हता; पण कुत्रं म्हणजे गोदामाची राखण, साखळी आणि एक पत्र्याचं छप्पर, याच्यापुढे त्याची अक्कल गेली नव्हती. ठिणगी त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपणारी.

मग ते कामाला लागले. आधी कारण शोधायचं, मग पाणी मारायचं, ही त्यांची जुनी पद्धत. रस्त्यावरची माणसं बघून भुंकत असेल म्हणून फाटकाला पोती बांधली. अंगात रग असेल म्हणून सकाळी तिला लांबवर फिरवून आणली. रग त्यांचीच जिरली. चघळायला हाड दिलं. एकटं वाटत असेल म्हणून खिडकीत रेडिओ लावला. ठिणगीने हाड पुरलं, बातम्या ऐकल्या आणि बातम्या संपल्यावर भुंकली. बंबवाले गेले, कडी पाहिली, भांडं पाहिलं, कान खाजवला आणि परत आले. त्यांच्या नाकी नऊ आले. महिना संपत आला होता, आणि बाईंनी भावाला फोन करून ठेवला होता.

अशात त्यांना केंद्रावरून बोलावणं आलं. नवा बंब आला होता, जुन्या माणसांनी बघायला यावं म्हणून. बंबवाले कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि दिवसभर तिथेच रमले. नव्या बंबाच्या शिडीपासून नळीपर्यंत सगळं हाताळून, चार सूचना करून संध्याकाळी खुशीत घरी आले, तर नर्स पायरीवर बसलेली. केस विंचरलेले, चेहरा टवटवीत.

"काका, काय जादू केलीत? इथे आल्यापासून पहिल्यांदा अशी झोपले. घड्याळाने उठवलं मला!"

बंबवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बाई दारात सुई-दोरा घेऊन उभ्या होत्या.

"तुम्ही गेल्यावर थोडी भुंकली," त्या म्हणाल्या. "दाराकडे बघत बसली. मग भिंतीच्या सावलीत पसरली ती आत्तापर्यंत. मी खिडकीतून बघत होते ना."

"म्हणजे मी घरात नसलो की ही शहाणी?"

"अहो, ती तुम्हाला बोलावते आणि तुम्ही जाता. एवढं साधं आहे. भांडं बघता, कडी बघता, वर कान खाजवून देता. तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा भुंकले असते."

नर्स खुदकन हसली. बंबवाले हसले नाहीत. पायरीवर बसून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या आणि पुन्हा सोडल्या.

"मग काय, ओरडू द्यायचं?"

"ओरडू द्यायचं. ओरडत असताना जायचं नाही. गप्प झाली की जायचं."

"आणि कॉल खरा असला तर? पाय अडकला फाटकात, साप निघाला..."

"मी आहे ना खिडकीत. खरा असला तर मीच तुम्हाला ढकलून बाहेर काढीन."

नर्सला सांगून ठेवलं की आता थोडे दिवस जास्तच कल्लोळ होईल. ती मैत्रिणीकडे झोपायला गेली. बंबवाल्यांना मात्र जायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना शिवणखोलीत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि अर्धा शिवलेला कोट त्यांच्या मांडीवर पसरला.

"टाचण्या लावल्यात. उठलात तर सांडतील."

बाहेर ठिणगीने सुरुवात केली. बंबवाल्यांचे गुडघे आपसूक हलले. एक टाचणी मांडीला टोचली, तसे ते पुन्हा टेकले. ठिणगीने आवाज चढवला. हा रोजचा आवाज नव्हता. त्यात राग होता, आश्चर्य होतं, आणि शेवटी शेवटी एक केविलवाणा सूर लागला. बंबवाल्यांनी स्टुलाची कड घट्ट धरली.

"बघ तरी गं. बरी आहे ना?"

"ठणठणीत. फाटकाकडे बघतसुद्धा नाही. इकडे दाराकडे तोंड करून उभी आहे."

"मी एवढा वेळ कुणाला थांबायला लावलं नाही कधी," बंबवाले म्हणाले. बाईंनी मशीन थांबवलं.

मग अचानक शांत झालं. बाईंनी खिडकीतून पाहिलं, जरा दम धरला आणि कोट उचलून घेतला.

"जा आता."

ते गेले तेव्हा ठिणगी जमिनीवर बसलेली होती. त्यांना बघून ती इतकी चकित झाली की भुंकायचंच विसरली. बंबवाल्यांनी कडी पाहिली नाही, भांडं पाहिलं नाही. उकिडवे बसले आणि तिच्या कानामागे मनसोक्त खाजवलं.

पहिले दिवस कठीण गेले. मग कमी कठीण गेले. गप्प राहिलं की माणूस येतो, हा नवा नियम ठिणगीला एकदाचा उमगला. मग तर माणूस उशिरा आला तरी येतो, एवढाही भरवसा तिला वाटू लागला. ती सावलीत हातपाय ताणून झोपू लागली. नर्स परत आली आणि सलग झोपू लागली. बाईंनी भावाला फोन करून नको म्हणून सांगितलं, तेव्हा बंबवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फाटकाची पोती सोडली, नीट घडी करून ठेवली आणि मागचं दार उघडं टाकून ओसरीवर पेपर घेऊन बसले.

दुपार निवांत होती. पेपर वाचून झाला. उलटा करून मागचं पान वाचून झालं. ठिणगीने एक डोळा उघडला, त्यांना बघितलं आणि मिटून घेतला. सगळं छान चाललं होतं. आपणच ते केलं याचं बंबवाल्यांना मनापासून समाधान होतं. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट लावून ठेवल्या आणि बसून राहिले. आता काही घाई नव्हती.

आतलं मशीन थांबलं.

"अहो!"

हाक पुरी व्हायच्या आत ते उठून उभे होते, अनवाणीच.

"काय झालं?"

"जरा दोरा ओवून द्या ना. काळ्यावर काळा, मेला दिसतच नाही."

बंबवाले स्टुलावर बसले. खिशातून चष्मा काढून लावला, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा दोरा आरपार गेला. सुई खोचून ठेवायला त्यांनी टाचण्यांची उशी ओढली. तिच्यावर सुयांची एक ओळच्या ओळ उभी होती, प्रत्येकीत आधीच काळा दोरा ओवलेला, शेपट्या लोंबत असलेल्या.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती कोटाच्या बाहीत मान घालून बसली होती, फारच कामात असल्यासारखी.

बंबवाल्यांनी आपली सुई त्या ओळीच्या शेवटी जपून खोचली.

"इस्त्री बंद आहे ना गं?"

"बघा बरं जरा. माझ्या मेलीच्या लक्षात नाही."

ते उठून कोपऱ्यात गेले. इस्त्री गार होती आणि वायर गुंडाळून वर ठेवलेली होती. त्यांनी तरीही बटण खाली-वर करून पाहिलं.

"बंद आहे."

"बरं झालं बघितलंत."

बाहेर ठिणगी झोपेतच एकदा गुरगुरली आणि कुशीवर वळली. बंबवाले दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"मी ओसरीवर आहे," ते म्हणाले. "लागलं तर हाक मार."

"मारीन की," बाई म्हणाल्या, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.