अळणी संध्याकाळ

माघ उतरणीला लागला होता. कृष्णाकाठच्या त्या गावात शेताशेतांत हळद शिजत होती आणि तिचा उष्ण, मातकट, मंगल गंध संध्येच्या पीतांबरात मुरत होता. पीत आकाश, पीत धूळ, पीत झालेल्या बायकांच्या ओंजळी. साऱ्या गावालाच जणू हळद लागली होती.

शर्वाणीला मात्र त्यातले काही दिसत नव्हते. शाळेत मुलांना रंग शिकवणारी शर्वाणी. बदली होऊन आलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. कित्येक महिने तिच्या डोळ्यांपुढे एकच रंग होता, राखेचा. राखेची सकाळ, राखेची दुपार, राखेची झोप. रडू आले असते तर बरे वाटले असते. तेही येत नव्हते.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी उशाशी होती. शुभ्र, चिमुकली, निष्पाप. "मनही आजारी पडतं," त्या म्हणाल्या होत्या, "रोज जेवणानंतर एक घ्यायची." शर्वाणीने ती अजून घेतली नव्हती. घेतली की आपण वेडी ठरू, ही भीती तिच्या मनात ठाण मांडून बसली होती. आणि न घेता आणखी किती दिवस निभेल, हेही तिला ठाऊक नव्हते.

काल घरमालकीण अनसूयाकाकूंनी गोळ्यांचे पाकीट पाहिले.

"कसली गं गोळी?"

"बीपीची, काकू." जिभेने परस्पर उरकून टाकले.

आज दिवेलागणीला काकू ताट घेऊन आल्या. भाकरी, वांग्याची भाजी, वरणाची वाटी. पहिला घास घेताच शर्वाणी थबकली. कशातच मीठ नव्हते.

"बीपीला मीठ वाईट," काकू म्हणाल्या. "आन् तू एकटीनं अळणी कसं खायचं? मी बी सोडलं मीठ."

घास तोंडातच फिरत राहिला. किती दिवसांनी कुणाची माया दाराशी आली होती, आणि तीही पत्ता चुकून! हे ताट बीपी असलेल्या कुणा भलत्याच शर्वाणीसाठी होते. खरी शर्वाणी उपाशी, अनोळखी, अस्पर्श, ताटाच्या अलीकडेच राहिली होती. इतके एकटे तिला एकटी असतानाही कधी वाटले नव्हते.

"काकू, बीपी नाही मला." तिने कसाबसा घास गिळला. "मनाचं औषध आहे ते. मला जगावंसंच वाटत नाही हो."

बाहेर पिवळ्याचा तांबडा झाला, तांबड्याचा जांभळा. काकू भिंतीकडे पाहत बोलल्या.

"माझ्या धाकट्या बहिणीला, चंपीला, असंच व्हायचं. आम्ही देवऋषी केला, गंडे बांधले, अंगारे लावले. दवाखान्यात तेवढं नेलं न्हाई." त्यांनी पदराने ओठ दाबले. "गेली ती. विशीतच गेली. घे बाई. माझ्यासमोर घे."

शर्वाणीने अळणी भाकरी संपवली. गोळी जिभेवर ठेवली, तांब्या उचलला. गोळी कडू होती, पाणी गार होते.

काकू तिच्या गळ्याकडे टक लावून बसल्या होत्या. निश्चल, निःशब्द, सजलनेत्र. त्या एका घोटाबरोबर कुणीतरी फार वर्षांनी, अंधार पडायच्या आत, घरी परतणार असल्यासारख्या.