किलवरचा तिसरा पत्ता

आज दुपारी आपण जे केलं ते जगात कुणालाही खरं वाटणार नाही, असं चष्मेवाला छाती पुढे काढून म्हणाला. दुकानातल्या आरशांना सवय होती, ते गप्प राहिले.

बायकोने विचारलं होतं एवढंच, की उद्या काचा घासायचं मशीन घेऊन माणूस येतोय, त्याचे पैसे खात्यात आहेत ना? पैसे तिच्या फंडाचे होते. अशा प्रश्नाला लोक हो म्हणतात किंवा नाही म्हणतात. चष्मेवाल्याने गोष्ट काढली.

"शटर अर्धं ओढून जेवायला बसलो, आणि फोनवर पोकरचं टेबल उघडलं."

"भावोजी, पुन्हा?" मेहुणा स्टुलावर सरळ बसला.

"अरे, ऐक तर! समोर 'मगर' नावाचा कुणीतरी. बाई की बुवा, देव जाणे. पण नुसत्या खेळण्यावरून सांगतो, नंबर मायनस अडीच, आणि डावा डोळा आळशी!"

मेहुणा फिसकन हसला. बायको काच पुसत राहिली.

"खोटं कशाला बोलू, टेबलावर मशीनचेच पैसे होते. माझ्याकडे तीन राजे. आणि शेवटचा पत्ता उघडतो तर किलवर! टेबलावरचं तिसरं. म्हणजे समोरच्याच्या हातात दोन किलवर असली, तर झाली पाच, आणि एका रंगाची पाच पानं तीन राजांना खातात. मगरीने लगेच डाव लावला, माझ्याकडे उरले होते तेवढ्या सगळ्या पैशांचा."

बायकोचा हात थांबला.

"आता बघ हं. टेबलावर पडलेत तेवढेच तो आणखी मागतोय. म्हणजे तीनांत एकदा जरी तो थापा मारत असेल, तरी पैसे भरून बघणं परवडतं. पण मारतो का? आधी दोन्ही वेळा मी लावले तेवढेच भरून नुसता मुकाट मागे मागे येत होता. किलवरची वाट बघणारा असाच येतो. आणि पंधरा दिवस पाहतोय, शेवटच्या पत्त्यावर एवढा मोठा डाव त्याने कधी खोटा लावलेला नाही. मनाने म्हटलं, फसवतोय, बघ. डोक्याने म्हटलं, गाढवा, सोड!"

सांगता सांगता त्याचा अंगठा, फोनवरचं बटण दाबावं तसा, मांडीवर आपोआप दाबला गेला. त्याने तो मुठीत लपवला.

"आणि सोडले! तीन राजे, मातीत! कोण सोडेल सांग? थोडे गेले, बाकी वाचले."

"वाघ आहात भावोजी!" मेहुण्याने मांडीवर थाप मारली. "आणि होतं काय मगरीकडे?"

"एक्का आणि सत्ती! दोन्ही किलवर!" चष्मेवाला विजयाने ओरडला.

बायकोने काच कापडावर ठेवली.

"पत्ते टाकून देणाऱ्याला समोरचे पत्ते दिसत नाहीत. मागच्या वेळी रडत रडत तुम्हीच सांगितलं होतंत. तुम्ही बघायला पैसे भरलेत, अहो. माझे, सगळे."